पहिली पोळी बैलाची!

दोस्तांनो, भंडारा जिल्ह्यात श्रावण अमावास्येला पोळा भरतो. धानाच्या बांधीत चिखल तुडवून दमलेल्या बैलांना त्या दिवशी सुट्टी! घरची पहिली पुरणपोळीही त्यांचीच. आपण थांबायचं. (दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतोच की, लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला!)

पण ही पोळी नेमकी तव्यावर फुटते. का बरं? बहुतेक वेळा पुरण ओलं राहिलेलं असतं. एक वाटी हरभऱ्याची डाळ आधी मऊ शिजवा, पाणी पार निथळू द्या. मगच वाटीभर गूळ घाला. आधी घातलात तर डाळ कडकच राहील! गूळ वितळला की पुरण एकदम पातळ होतं. घाबरू नका, आटवत राहा. उलथनं मधोमध उभं राहिलं की झालं. लगेच, गरम असतानाच वाटा. गार झाल्यावर वाटाल तर हात भरून येतील.

कणीक सैल भिजवून तासभर झाकून ठेवा, म्हणजे ती फाटत नाही, छान ताणली जाते. लाटताना हात हलका. तव्यापाशी मात्र आई हवीच हं!

इतकं करून एखादी फुटलीच, तर ती आपली. वर तूप जरा जास्त घ्यायचं!