रायगडाची पेठ व आपला शेतमाल

इ. स. १६७४ हें साल धरणगांवकरांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्या सालीं इंग्रजांनीं आपल्या गांवीं वखार घातली. त्याच सालीं जूनमध्यें रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगीं कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर येऊन व्यापाराचा तह करून गेला. परंतु धरणगांव तेव्हां मोगली मुलखांत होतें. सबब पुढच्याच सालीं, म्हणजे १६७५ त, मराठी फौजेनें येथील वखार लुटली. उघड्यावरील मालास धनी नाहीं, हेंच यावरून दिसतें.

याच्या उलट रायगडावरील पेठ पाहावी. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येक रांगेंत २२ गाळे व मधून सुमारें ४० फूट रुंद रस्ता. जोतीं इतकीं उंच कीं, घोड्यावर बसूनच खरेदी होत असे, अशी लोकांत समजूत आहे. ती कशीहि असो. उंच जोत्याचा उपयोग कास्तकारास सांगावयास नको. कोंकणचें पावसाचें पाणी रस्त्यानें वाहून जावें व गोणीस ओल लागूं नये, हा त्याचा मोठाच लाभ. मे १८१८ मध्यें इंग्रजांच्या तोफांनीं गडास आग लागली. आज पेठेचीं जोतीं व पडक्या भिंती तेवढ्या आहेत. वर छप्पर नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्यानें व पुढें १९६३ च्या कृषि उत्पन्न खरेदी-विक्री कायद्यानें वजनमापाची लबाडी व मनमानी कपात यांस आळा घालण्याची सोय झाली, आणि बाजार समितींत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसूं लागले. लुटीचें भय गेलें, पण पावसाचें गेलें नाहीं. माप होण्यापूर्वीं अवकाळी सर आली तर नुकसान कोणाचें? शेतकऱ्याचेंच. भिजल्या कापसाचा रंग जातो, ज्वारी काळी पडते, मक्यास बुरशी येते, आणि व्यापारी भाव पाडून मागतो.

म्हणून समितीच्या निवडणुकींत मत मागावयास येणारास तीन प्रश्न अवश्य पुसावे: आवारांत छपराखालीं किती गाड्यांचा माल राहतो? ओटा जमिनीपासून किती उंच आहे? पावसाचें पाणी कोणीकडून निघतें? बाजार फी खरेदीदार भरतो खरा, परंतु ती बसते आपल्याच मालावर. तेव्हां त्या मालावर छप्पर मागणें हा आपला हक्कच होय. तें होईपर्यंत ताडपत्रीवांचून गाडी गांवाबाहेर काढूं नये.