संगणक बदलले, असेम्ब्लीचे काय?

माहूर - शाळा-महाविद्यालयांतील जुने संगणक जाऊन नवे आले, तरी पत्रलेखन वा हिशेबाची कामे पूर्ववत चालतात. असेम्ब्ली भाषेचे मात्र तसे नाही. ही भाषा थेट प्रोसेसरशी संवाद साधते आणि प्रत्येक प्रोसेसर-कुळाची बोली निराळी असते.

राज्य मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रात इंटेलचा ८०८५ हा आठ बिटी प्रोसेसर वर्षानुवर्षे शिकविला गेला. 'एमव्हीआय ए, ०५' या त्याच्या आज्ञेचा यंत्रसंकेत '३ई ०५' असा आहे. 'ए' या रजिस्टरमध्ये पाच ही संख्या ठेवावी, हा तिचा अर्थ. १९७८ मध्ये आलेल्या ८०८६ च्या कुळात मात्र हेच '०५' बेरजेची आज्ञा ठरते. म्हणूनच ८०८५ चे प्रात्यक्षिक स्वतंत्र किटवर किंवा सिम्युलेटरवर करावे लागते.

८०८६ शिकविताना अडचण वेगळी असते. ३२ बिटी विंडोजमध्ये असलेला 'डीबग' हा प्रोग्राम ६४ बिटी आवृत्तीत मिळत नाही. तेथे १६ बिटी प्रोग्रामच चालत नाहीत. प्रात्यक्षिक थांबले, तर विद्यार्थ्यांच्या हाती केवळ पाठांतर उरते.

यावर 'डॉसबॉक्स' हे मोफत सॉफ्टवेअर उपयुक्त ठरते. ते नव्या संगणकातच जुन्या संगणकाची प्रतिकृती उभी करते. एकदा उतरवून घेतल्यावर त्यास इंटरनेटही लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ही मोठीच सोय होय.

यंत्रे जुनी होतात. रजिस्टर, मेमरी, स्टॅक या संकल्पना होत नाहीत. त्यामुळे जुनी किट भंगारात काढण्यापूर्वी पर्यायी प्रात्यक्षिकाची तजवीज करणे आवश्यक आहे.