एका रात्रीपुरते मैदान

कबड्डीच्या मैदानाचा कर्ण १६ मीटर ४० सेंटीमीटर भरतो. कोपरीतल्या एका मैदानात खुंटीशी उकिडवे बसलेल्या मॅटवाल्या काकांनी मला तो मोजून दाखवला. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकायच्या, त्यांच्यावरून सुतळी ताणायची आणि मग समोरासमोरच्या खुंट्यांमधले अंतर दोन्हीकडून मोजायचे. दोन्हीकडे १६.४० आले की कोपरे काटकोनात बसले. एकीकडे दहा सेंटीमीटर जास्त भरले तर सुतळी सोडून पुन्हा ताणायची. सामने भरवणाऱ्या मंडळाची पोरे उतावीळ झाली होती. पहिला सामना संध्याकाळी सातला लागायचा होता आणि दुपारचे दोन वाजून गेले होते. काका मात्र निवांत होते. "आत्ता पाच मिनिटं जातील. मॅट टाकल्यावर वाकडं निघालं तर सगळी उचलावी लागते," एवढे बोलून त्यांनी टेपचे टोक पुन्हा खुंटीला लावले.

कोपरी म्हणजे ठाणे पूर्व. एकीकडे रेल्वेचे रूळ, एकीकडे पूर्व द्रुतगती महामार्ग आणि एकीकडे खाडी. एवढ्या जागेत वस्ती दाटत गेली, इमारती उंच झाल्या, मैदाने मात्र होती तेवढीच राहिली. त्यामुळे इथल्या कुठल्याही मोकळ्या जागेला दिवसभर धनी बदलत असतात. पहाटे चालायला येणारे, मग शाळेची कवायत, दुपारी एकाच वेळी चार-पाच क्रिकेटचे डाव, लग्नसराईत मांडव, गणपतीत आणखी मोठा मांडव. कबड्डीला इथे कायमची जागा मिळणे अवघड. तिला मिळतात थंडीतल्या काही रात्री, आणि त्या रात्रींपुरते मैदान टेम्पोतून येते.

छोट्या हत्तीतून उतरणारे मॅटचे गठ्ठे पाहून पहिल्यांदा विश्वास बसत नाही की यावर पंचाऐंशी किलोचे गडी एकमेकांना उचलून आपटणार आहेत. ईव्हीए नावाच्या फोमचे हे चौकोनी तुकडे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, चारी बाजूंना दातेरी कडा. एकाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतात आणि जोड पक्का होतो. नुसत्या मैदानालाच १३० तुकडे लागतात. भोवतीची मोकळी पट्टी आणि मागची राखीव खेळाडूंची बसायची जागा धरली तर त्याहून बरेच जास्त. एक पोरगा डोक्यावर चार-पाच तुकडे सहज घेऊन पळतो. वजन कमी असल्यामुळेच वारा आला की पहिली ओळ उडते. म्हणून सुरुवातीचे तुकडे बसेपर्यंत कुणीतरी त्यांच्यावर उभे राहायचे असते, आणि हे काम मंडळात सर्वात लहान असलेल्याकडे येते.

सुरुवात कडेने करायची नाही. मंडळातल्या एकाने तशी केली तेव्हा काकांनी लांबूनच हाक मारली, "दादा, मधून! मध्यरेषा आधी." हे का, ते थोडा हिशोब केल्यावर उमजते. १३ मीटरचे निम्मे साडेसहा. तुकडा एक मीटरचा. म्हणजे मध्यरेषा दोन तुकड्यांच्या सांध्यावर येत नाही, मधल्या ओळीच्या बरोबर पोटातून जाते. ती ओळ सुतळीवर अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी बसवली की दोन्ही अंगांना सहा-सहा ओळी लागतात आणि अंतिम रेषा नेमक्या सांध्यावर येतात. चढाईचा गडी ज्या मध्यरेषेवर शेवटचा हात टाकतो, तिथे सांधा नसणे चांगलेच. मधून सुरुवात केल्याने दुसराही फायदा होतो. तुकडे जुने झाले की उन्हात तापून, थंडीत आकसून थोडे कमी-जास्त झालेले असतात. कडेने सुरुवात केली तर तो सगळा फरक साठत साठत दुसऱ्या टोकाला जातो. मधून केली तर दोन्ही संघांच्या वाट्याला सारखाच येतो.

रुंदीचे गणित आणखी सोपे. दोन्ही बाजूंना एकेक मीटरची लॉबी, म्हणजे एकेक तुकडा. मध्ये आठ मीटर. मधला भाग निळा, लॉबी पिवळी, असे रंगच बदललेले असतात. निदान रेषा मात्र मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापलीकडे एक मीटरवर. या दोन्ही तुकड्याच्या मध्येच कुठेतरी पडतात, म्हणून त्या चिकटपट्टीने आखाव्या लागतात. रेषेची रुंदी ३ ते ५ सेंटीमीटर. पट्टी ओढून लावली तर रात्री गारठ्यात ती आकसते आणि टोके सुटतात. सैल लावली तर बुटाखाली तिच्या सुरकुत्या होतात. काका पट्टी नुसती ठेवत जातात आणि मागून एक पोरगा पालथ्या मुठीने दाबत जातो. मातीवरच्या फक्कीच्या रेषा पहिल्या डावातच पुसट व्हायच्या. मग पाय लागला की नाही यावरून सामने तासन्‌तास थांबलेले मी पाहिले आहेत. त्या भांडणांना या पट्टीने बराच आळा घातला.

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआयच्या डोममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स समोरासमोर होते. मॅट त्याआधीही होती; आंतरराष्ट्रीय सामने तिच्यावरच व्हायचे. पण गल्लीतल्या पोराने ती घरोघरच्या पडद्यावर पाहिली ती त्यानंतर. त्या डोममध्ये कधी बास्केटबॉल असतो, कधी गाण्याचा कार्यक्रम. कबड्डीचे मैदान तिथेही पसरलेलेच असते आणि काम झाले की उचलले जाते.

एकच जागा आणि तिच्यावर हक्क सांगणारे अनेक, हा प्रश्न श्रीमंत देशांनी प्रचंड यंत्रे लावून सोडवला आहे. जपानमधल्या साप्पोरो डोमचे फुटबॉल मैदान ८,३०० टनांचे आहे. एरवी ते उघड्यावर उन्हात असते, कारण छताखाली गवत जगत नाही. सामना आला की खालून हवेचा दाब देऊन त्याचा बहुतेक भार उचलतात आणि ते चाकांवरून हळूहळू आत येते. लंडनच्या टॉटेनहॅमचे स्टेडियम २०१९ मध्ये उघडले. तिथली हिरवळ तीन लांब पट्ट्यांत विभागलेली, एकेक पट्टी तीन हजार टनांहून जड. या पट्ट्या दक्षिणेकडच्या गॅलरीखाली सरकतात आणि त्यांच्या खालून अमेरिकन फुटबॉलचे कृत्रिम गवत उघडे पडते. सगळे अर्ध्या तासाच्या आत. क्रिकेटमध्ये ही कल्पना अडचणीतून आली. १९७७ मध्ये केरी पॅकरच्या बंडखोर मालिकेला ऑस्ट्रेलियातली नेहमीची मैदाने मिळेनात, तेव्हा जॉन मॅली या क्युरेटरने काँक्रीटच्या तबकांत खेळपट्ट्या वाढवल्या आणि त्या फुटबॉलच्या मैदानात नेऊन बसवल्या. जागा नाकारली गेली म्हणून मैदान हलते झाले. कोपरीतल्या मंडळाला ही गोष्ट लगेच कळेल.

आपल्याकडे सरकणारे मैदान नाही, पण एकाच जागेची दोन रूपे पाहायची तर कोपरीच्या बाजूच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरून नेरूळला उतरावे. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमचे २०२२ हे वर्ष आठवून पाहा. ६ फेब्रुवारीला महिलांच्या आशियाई चषक फुटबॉलची अंतिम लढत झाली, चीनने दक्षिण कोरियाला ३–२ असे हरवले. २७ मार्चला त्याच जागी आयपीएलचा सामना. मध्ये ४९ दिवस. ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत, स्पेनविरुद्ध कोलंबिया. ९ डिसेंबरला भारत–ऑस्ट्रेलिया महिलांचा टी-ट्वेंटी सामना. मध्ये ४० दिवस. क्रिकेटची खेळपट्टी म्हणजे रोलर फिरवून दगडासारखी केलेली चिकणमाती, आणि ती पडते नेमकी फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध, जिथे बुटाचे खिळे रुततील अशी मऊ हिरवळ हवी. एका रूपातून दुसऱ्यात जाणे म्हणजे माती आणि मुळे यांच्याशी व्यवहार, आणि त्यांना घाई केलेली चालत नाही. कोचीत २०१८ मध्ये हाच वाद पेटला. फुटबॉलची चांगली हिरवळ उखडून एका एकदिवसीय सामन्यासाठी खेळपट्टी करायला फुटबॉलप्रेमींनी विरोध केला आणि शेवटी तो सामना तिरुवनंतपुरमला गेला. मला ते योग्यच वाटले होते. वर्षानुवर्षे जपलेली हिरवळ एका दुपारसाठी खणू नये.

साप्पोरोच्या गोष्टीचा उरलेला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फुटबॉलचे मैदान बाहेर गेले की तिथे बेसबॉलसाठी कृत्रिम गवताच्या गुंडाळ्या पसरत, आणि खाली काँक्रीट. तिथे खेळणारा होक्काइडो निप्पॉन-हॅम फायटर्स हा संघ २०२३ मध्ये स्वतःच्या नव्या, खऱ्या गवताच्या मैदानावर निघून गेला. कितीही चांगले पांघरूण घातले तरी खाली काय आहे ते गुडघ्याला कळतेच.

कोपरीत मॅट पसरण्याआधीचे सगळे काम याच एका गोष्टीसाठी होते. आदल्या दिवशी मुरूम टाकून फळीने सपाट केला होता, पाणी मारले होते, रोलर फिरवला होता. सकाळी पाच-सहा जण ओळीने वाकून खडे वेचत होते. मग ताडपत्री, आणि तिच्यावर मॅट. एवढे करूनही मॅट बसल्यावर काका तिच्यावरून अनवाणी चालले, एकेका तुकड्यावर टाच दाबत. तीन ठिकाणी थांबले. तुकडा उचलला, ताडपत्री उलटली, बोटाने चाचपून खडा काढला. एक तर हरभऱ्याएवढा होता. बूट घातलेल्याला तो कदाचित लागणारही नाही. पण पकडीत आडवा पडलेल्याचा कोपर त्याच्यावर आला तर लागतो.

मंडळातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते हे सगळे खुर्चीवर बसून पाहत होते. त्यांच्या काळी मैदान करणे म्हणजे आठवडाभराचे काम. माती आणायची, चाळायची, तिच्यात शेणखत आणि लाकडाचा भुसा कालवायचा, रात्री पाणी मारायचे, सकाळी रोलर. ते म्हणाले, "पाय रोवला की माती धरायची आणि सोडायचीही. मॅट धरते, सोडत नाही." मॅटवर बुटाची पकड इतकी घट्ट असते की शरीर वळते, पाय जागीच राहतो आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. मातीत अनवाणी वाढलेल्या पोराला मॅटवर वळणे नव्याने शिकावे लागते. तरी मातीसाठी हळहळणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही. निवड चाचण्या मॅटवर होतात, नोकऱ्या देणाऱ्या संघांचे सामने मॅटवर होतात. ज्यांच्या घरी बुटांसाठीही पैसे जुळवावे लागतात, त्या मुलांना नुसत्या मातीवर ठेवून मातीचे गोडवे गाणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. माझी तक्रार वेगळी आहे. मोकळ्या जागा 'सुशोभित' करताना त्यांच्यावर पेव्हर ब्लॉक बसवले जातात. मग मॅट येते, पण तिच्याखाली काँक्रीट असते. मैदान हलते असू शकते. जमीन मात्र मातीचीच राहायला हवी, सपाट आणि पाण्याचा निचरा होणारी.

सामने रात्री एकपर्यंत चालले. अकरानंतर खाडीकडून गारवा आला आणि मॅटवर दव धरू लागले. प्रत्येक मध्यंतराला पोरे गुडघ्यांवर बसून जुनी फडकी फिरवत होती, लॉबीपासून आत आणि पुन्हा बाहेर. एकदा पंचांनी स्वतः बूट घासून पाहिला आणि हाताने खूण केली, अजून पुसा. प्रेक्षकांनी कुरकुर केली नाही. पाय घसरला तर काय होते हे इथल्या बहुतेकांना घरच्या अनुभवाने माहीत आहे.

मॅट भाड्याची होती आणि सकाळी ती डोंबिवलीला जायची होती. काम संपल्यावर मंडळाच्या मुलींच्या संघाची प्रशिक्षक ताई काकांकडे गेली. "काका, आठपर्यंत राहू द्या ना. मुलींची जिल्ह्याची निवड आहे, मॅटवर." काकांनी टेम्पोवाल्याला फोन लावला, थोडी हुज्जत झाली, आठ ठरले.

साडेपाचला मी गेलो तेव्हा मुली आधीच आलेल्या होत्या, पण खेळत नव्हत्या. मैदान आखत होत्या. मुलींचे मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद; निदान रेषा ३ मीटरवर, बोनस ४ वर. म्हणजे रात्रीची एकही रेषा, मध्यरेषा आणि लॉबीच्या आतल्या रेषा सोडल्या तर, त्यांच्या कामाची नव्हती. रंगही फसवे: पुरुषांची पिवळी लॉबी त्यांच्यासाठी मैदानाबाहेर, आणि त्यांची स्वतःची लॉबी निळ्यातच. ताईने टेप धरला होता, दोघी जणी तांबडी पट्टी ठेवत होत्या, तिसरी मागून पालथ्या मुठीने दाबत येत होती. पाऊण तास त्यातच गेला. उरलेल्या वेळात त्यांनी एकच गोष्ट घोटली: बोनस रेषा ओलांडून मागचा पाय उचलायचा आणि वळायचे. एक उंच मुलगी सारखी पाय जागीच ठेवून कमरेतून वळत होती. ताईने तिला थांबवले, खाली बसून तिची टाच हातात धरली आणि म्हणाली, "टाच उचल, मग वळ. इथं माती सोडवणार नाहीये, तुलाच सोडायचंय." आठला पाच मिनिटे असताना टेम्पो फाटकाशी लागला. ती मुलगी तेव्हा सलग चौथ्यांदा बरोबर वळली होती आणि ताईने तिला पाचवी चढाई घ्यायला लावली.