रेडक्रॉस कोणाची?

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतून सहज चक्कर मारली, तरी दवाखान्यांच्या पाट्यांवर लाल रंगाचे 'अधिक'चे चिन्ह दिसते. आपण ते डॉक्टरांचे चिन्ह समजतो. खरे तर ते रेडक्रॉसचे. रणांगणावर हे चिन्ह दिसले की तेथे गोळी चालवायची नाही, असा जगभरच्या देशांनी मान्य केलेला नियम आहे. म्हणूनच आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ते वापरण्यास मनाई केली. चिन्ह घरोघरी ओळखीचे. पण संस्था कोणाची, ती चालवतो कोण, हे विचारले तर आपण गप्प होतो.

सुरुवात इटलीतली. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. हेन्री ड्युनांट हा स्विस व्यापारी कामानिमित्त तिकडे गेला होता. हजारो जखमी सैनिक उपचाराविना पडलेले त्याने पाहिले. जवळच्या गावातल्या बायाबापड्यांना हाताशी धरून, शत्रू-मित्र न पाहता त्याने शुश्रूषा सुरू केली. पुढे पुस्तक लिहून त्याने सुचवले, की अशा मदतीसाठी प्रत्येक देशात शांततेच्या काळातच माणसे तयार करून ठेवावीत. त्यातून १८६३ मध्ये जिनिव्हात समिती स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पहिला जिनिव्हा करार झाला. 'शांततेच्या काळातच' हे शब्द लक्षात ठेवा. मी त्यांच्याकडे पुन्हा येणार आहे.

भारतात पहिल्या महायुद्धापर्यंत स्वतंत्र रेडक्रॉस नव्हती. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि ब्रिटिश रेडक्रॉस यांची संयुक्त समिती जखमींसाठी काम करी. युद्ध संपल्यावर प्रश्न आला, की लोकांनी दिलेल्या पैशांचे आणि वस्तूंचे करायचे काय? ३ मार्च १९२० रोजी सर क्लॉड हिल यांनी विधेयक मांडले आणि त्याच महिन्यात कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेतच जनतेकडून मिळालेल्या निधीच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे. म्हणजे ही संस्था जन्मली तीच लोकांच्या पैशांची ठेव म्हणून.

सूत्रे मात्र अधिकाऱ्यांच्या हाती गेली. जूनमध्ये पन्नास सभासद नेमले गेले आणि व्यवस्थापक मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले सर माल्कम हेली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरून असहकाराचा मार्ग पक्का झाला. अशा वेळी साहेबांच्या संस्थेकडे नागपूरकर कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करता येते. सेवाभाव कमी होता असे नाही. १९३८ मध्ये चीनच्या मदतीला गेलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पण ते पथक काँग्रेसने पाठवले होते.

हे अंतर कमी केले ते आपल्या शेजारच्या सेवाग्रामात राहिलेल्या एका बाईंनी. राजकुमारी अमृत कौर कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या. पण गांधीजींच्या सचिव म्हणून त्यांनी आश्रमातले साधे आयुष्य पत्करले. स्वातंत्र्यानंतर त्या देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या आणि १९५० पासून रेडक्रॉसच्या अध्यक्षा. १९५७ मध्ये मंत्रिपद गेले, तरी रेडक्रॉसचे काम १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी सोडले नाही. मला यात मोठा अर्थ दिसतो. ज्या कामाला खुर्चीचा आधार लागत नाही, तेच माणसाचे खरे काम.

आजही ही संस्था पदांच्या उतरंडीवर उभी आहे. राष्ट्रपती तिचे सर्वोच्च प्रमुख, राज्यात राज्यपाल, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. याचा फायदा आहे. संकटात सरकारी यंत्रणा चटकन हलते. पण जिल्हाधिकाऱ्यांच्या मागे शंभर कामे असतात आणि त्यांची बदलीही होते. शिवाय १९६५ मध्ये जगभरच्या रेडक्रॉसने जी सात तत्त्वे स्वीकारली, त्यांत स्वातंत्र्य हेही एक आहे. सरकारला साथ द्यायची, पण आपला निर्णय आपण घ्यायचा, ही कसरत एकट्या अध्यक्षांना जमणारी नाही. त्यासाठी जागरूक सभासद लागतात. सभासदत्व सर्वांना खुले आहे, जातधर्माची अट नाही. तरी आपल्यापैकी किती जण सभासद आहेत?

आता ते 'शांततेच्या काळातच' हे शब्द. ३० जुलै १९९१ रोजी आपल्या जिल्ह्यातल्या मोवाडला वर्धा नदीच्या पुराने वेढले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. अशा वेळी बाहेरची मदत पोचेपर्यंत माणसाला शेजारीच वाचवतो. त्या शेजाऱ्याला बुडालेल्याला श्वास कसा द्यावा, रक्त कसे थांबवावे, मोडलेला हात कसा बांधावा हे ठाऊक असेल, तर काही जीव वाचतात. ऐनवेळी हे शिकता येत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. घरातल्या एकाने तरी प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यावे, जमेल तेव्हा रक्त द्यावे आणि जिल्हा शाखेचे सभासद होऊन सभेला जावे, हिशेब विचारावा. रेडक्रॉस लोकांच्या पैशांतून उभी राहिली. ती कोणाची, याचे उत्तर आपण तिच्या दारात पाऊल टाकू तेव्हाच खरे ठरेल.