८९५वा गोल आणि तुलनेचे गणित

६ एप्रिल २०२५ रोजी वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या अलेक्झांडर ओवेचकिनने नॅशनल हॉकी लीगच्या साखळी सामन्यांतील आपला ८९५वा गोल केला आणि वेन ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मागे पडला. त्यावरून ओवेचकिन हाच सरस फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचा खेळाडू, ठरला असे अनेकांनी गृहीत धरले. आइस हॉकीत मात्र गोलाचे श्रेय गोल करणाऱ्याइतकेच, त्याआधी ‘पक’ (रबराची चकती) पुरवणाऱ्या जास्तीत जास्त दोन सहकाऱ्यांनाही ‘असिस्ट’ म्हणून मिळते आणि दोहोंच्या बेरजेला गुण म्हणतात. ग्रेट्झ्कीचे नुसते असिस्ट १,९६३ असून दुसऱ्या कोणाचे एकूण गुणही तेवढे नाहीत, म्हणजे त्याने एकही गोल केला नसता तरी गुणांच्या यादीत तोच पहिला राहिला असता.

ओवेचकिनला जास्त सामने मिळाले, हा आक्षेप तर सरळच चुकीचा आहे, कारण विक्रमी गोल त्याच्या १,४८७व्या सामन्यात झाला आणि ग्रेट्झ्कीची कारकीर्दही नेमकी १,४८७ सामन्यांची होती.

खरी अडचण काळाची आहे. ग्रेट्झ्कीने ९२ गोल केले त्या १९८१-८२च्या हंगामात दोन्ही संघांचे मिळून सामन्यामागे सरासरी ८ गोल होत. ओवेचकिनने ६५ गोल केले त्या २००७-०८मध्ये ही सरासरी साडेपाचच्या आसपास उतरली होती, कारण मधल्या काळात गोलरक्षकांचे तंत्र सुधारले आणि बचावाची आखणी काटेकोर झाली. सरासरीच्या प्रमाणात, ढोबळपणे, रूपांतर केल्यास ते ६५ गोल १९८१-८२च्या मापाने नव्वदीच्या पुढे जातात, आणि दोन आकड्यांतले वरवर प्रचंड दिसणारे अंतर जवळजवळ नाहीसे होते. अर्थात असे रूपांतर म्हणजे अंदाजच, कारण त्या काळच्या सगळ्यांनाच ८ गोलांची सरासरी उपलब्ध होती, ९२ गोल मात्र एकट्याचेच होते.

खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करणारा ‘प्लस-मायनस’ हा आकडा बचावातील कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा मानला जातो, तोही तितकाच फसवा आहे. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा भोगत असताना मिळणाऱ्या संख्याधिक्याला ‘पॉवर प्ले’ म्हणतात (क्रिकेटमधल्या पॉवर प्लेशी त्याचे फक्त नाव जुळते) आणि त्यातले गोल या हिशेबात जमा होत नाहीत, म्हणून २०१३-१४मध्ये ५१ गोलांसह लीगमध्ये अव्वल ठरलेल्या ओवेचकिनच्या नावापुढे उणे ३५ लागले. त्या ५१ पैकी २४ गोल पॉवर प्लेमधले होते.