नावेतून की किनाऱ्यावरून?

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा केलेल्यांच्या मनात एक गृहीत पक्के बसलेले असते: समुद्रात बुडी मारायची म्हणजे आधी होडीत बसायचे. २०१८ पर्यंत ज्याला हॅवलॉक म्हणत, त्या अंदमानातील स्वराज द्वीपावर आम्ही सहकुटुंब उतरलो, तेव्हा आमचीही तीच समजूत होती. केंद्रावरील दरपत्रकात मात्र दोन रकाने होते, एक किनाऱ्यावरून आणि दुसरा नावेतून. नावेचा दर बराच अधिक होता. आमचे दीर कापडाचे व्यापारी. त्यांनी फारसा विचार न करता नावेच्या रकान्यावर बोट ठेवले. महाग माल तो चांगला माल, हा हिशेब पेढीवर पुष्कळदा खरा ठरतो.

प्रशिक्षकाने शांतपणे विचारले, ‘‘तुमच्यापैकी पूर्वी कोणी शिकून प्रमाणपत्र घेतले आहे का?’’ कोणीच घेतले नव्हते. मग त्याने जे सांगितले, ते दर विचारण्याआधी प्रत्येक कुटुंबाने ऐकायला हवे. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल अशी ज्या ठिकाणांची नावे आपण ऐकून येतो, ती खोल पाण्यातील आहेत आणि प्रशिक्षित पाणबुड्यांसाठी आहेत. पहिल्यांदाच उतरणाऱ्याला, तो नावेतून जावो वा किनाऱ्यावरून, प्रशिक्षकासोबत फार तर १२ मीटरपर्यंत नेतात. प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणजे अधिक पैसे देऊन खोली विकत मिळत नाही. मिळते ती जागा: किनाऱ्यावरील पावलांपासून दूर असलेले प्रवाळ आणि बहुधा अधिक नितळ पाणी, कारण किनाऱ्याजवळ लाटांनी वाळू ढवळलेली असते.

किनाऱ्यावरून जाणाऱ्यांसाठी बेटाच्या पूर्व अंगाला ‘निमो रीफ’ म्हणून ओळखली जाणारी उथळ जागा आहे. पायाखालची वाळू हळूहळू उतरत जाते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून नळीतून श्वास घ्यायला शिकायचे, मुखवट्यात शिरलेले पाणी बाहेर काढायला शिकायचे, आणि मगच पुढे सरकायचे. मला पोहता येत नाही. पहिल्यांदा डोके पाण्याखाली गेले तेव्हा छातीत धडधडले आणि मी सरळ उभी राहिले. तोंडातील नळी काढली, दोन मिनिटे आकाशाकडे पाहिले आणि पुन्हा खाली गेले. ही उभे राहण्याची सोय किनाऱ्यावर असते. नावेच्या कठड्यावरून पाठीमागे कोलांटी घेऊन पडणाऱ्याच्या पायाखाली ती नसते.

तरीही किनारा म्हणजे सोपे, असे सरसकट म्हणता येणार नाही. नुसते सिलिंडरच १४ किलोच्या आसपास असते. त्यावर शिशाची वजने. हे सारे पाठीवर घेऊन ओल्या वाळूतून चालताना गुडघेदुखी असलेल्यांना समुद्राआधी गुडघेच आठवतात. शिवाय वेळ ठरवते ती भरती-ओहोटी. या बाजूला ओहोटीचे पाणी फार दूर जाते. चुकीच्या वेळी गेल्यास खडकांतून वाट काढावी लागते आणि त्यांतील कित्येक ‘खडक’ जिवंत असतात. आपल्यातील जवाहिऱ्यांना पोवळे ठाऊक असते ते अंगठीतील तांबड्या खड्याच्या रूपात. ते भूमध्य समुद्रातील निराळ्या जातीचे. येथील प्रवाळ चुनखडीचे घर बांधणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांचे असते, आणि त्यावर पडलेला एक पाय अनेक वर्षांची वाढ मोडू शकतो. नावही निर्दोष नाही. कोठेही टाकलेला नांगर हेच करतो. म्हणून नाव निवडताना ती बोयाला बांधतात की नांगर टाकतात, हे अवश्य विचारावे.

खरा पेच निर्माण झाला तो आरोग्याच्या अर्जावर. माझा बारा वर्षांचा पुतण्या सर्वांत उत्साही होता; वयाची अट दहा वर्षांची, ती त्याने केव्हाच ओलांडलेली. पण गेल्या थंडीत त्याला दम्याचा पंप लागला होता. दिरांनी हळूच म्हटले, ‘‘नाही लिहून टाका. आता बरा आहे तो, आणि पैसे भरलेले आहेत.’’ जाऊबाईंनी पेन खाली ठेवले आणि त्या प्रशिक्षकाला मोठ्याने सर्व सांगून मोकळ्या झाल्या. पुतण्या रडला, दीर रागावले.

प्रशिक्षकाने त्यांना वाळूवरच समजावले. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे फुप्फुसात घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. म्हणूनच पाण्याखाली श्वास कधी रोखायचा नाही. दम्याने आकसलेल्या नळ्यांत हवा अडकली, तर तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय तो मुलाला नेणार नव्हता, ना नावेतून ना किनाऱ्यावरून. भरलेले पैसे मात्र त्याने परत केले.

शेवटी आमची वाटणी झाली. दीर आणि माझे पती नावेतून गेले, मी आणि जाऊबाई किनाऱ्यावरून. पुतण्या अंगात जॅकेट आणि तोंडावर मुखवटा घालून आजीसमोरच उथळ पाण्यावर तरंगत राहिला. आम्हाला समुद्रफुलांच्या झुबक्यात शिरणारे नारिंगी-पांढरे क्लाऊनफिश दिसले. ते इतके जवळ होते की हात आपोआप पुढे जाई आणि प्रशिक्षक तो मागे घेई. नावेतील मंडळी दुपारी परतली. दिरांना नाव थांबल्यावर हेलकाव्यांनी दोनदा उलटी झाली होती, हे त्यांनी नव्हे, माझ्या पतींनी सांगितले. पण चांदीच्या रंगाच्या माशांचा एक थवा आपल्याभोवती कसा वळला, हे सांगताना दिरांचे हात थांबत नव्हते. हॉटेलात पोहोचेपर्यंत त्यांनी ते तीन वेळा सांगितले. तसे काही आम्हाला किनाऱ्यावर दिसले नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

त्या संध्याकाळी दिरांनी स्वतःहून परतीचे तिकीट काढून पाहिले. एका बुडीनंतर विमानात बसण्यापूर्वी निदान १२ तास जावे लागतात, अधिक बुड्या झाल्यास १८. केंद्रे बहुधा पूर्ण दिवसच सोडायला सांगतात. आमच्याकडे मधला एक दिवस होता.

गावी आल्यावर त्यांनी छातीच्या डॉक्टरांकडे मुलाची वेळ घेतली आहे. संमती मिळेलच असे नाही, हे पुतण्याला सांगितले आहे. तो सध्या भरती-ओहोटीचे तक्ते वाचायला शिकतो आहे.