खडूच्या सात बहिणी

बहिणी सात म्हणतात, पण कड्यावरून चालत मोजायला घेतल्या तर आठ भरतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समध्ये, ककमियर नदीच्या मुखापासून बर्लिंग गॅपपर्यंत पांढऱ्याशुभ्र कड्यांची जी रांग उभी आहे, तिचं नाव ‘सेव्हन सिस्टर्स’. हेवन ब्राउ, शॉर्ट ब्राउ, रफ ब्राउ, ब्रास पॉइंट, फ्लॅगस्टाफ पॉइंट, बेलीज हिल आणि वेंट हिल ही त्यांतली सात नावं. मधेच फ्लॅट हिल नावाचा एक बुटका उंचवटा आहे. त्याला बहिणींत धरलं की हिशेब चुकतो. आपल्याकडे पाण्याकाठच्या साती आसरा कुणी मोजून बघत नाही. इथंही नाव पडलं ते पडलं.

या कड्यांचा चेहरा अनेकांनी न जाता पाहिलेला असतो. समोरच्या सीफर्डच्या बाजूच्या टेकडीवर तटरक्षकांची जुनी घरं आहेत आणि त्यांच्या मागे कड्यांची पांढरी लाट उठलेली दिसते. दिनदर्शिकांपासून सिनेमापर्यंत सगळीकडे झळकणारं दृश्य ते हेच. खरं प्रसिद्ध नाव डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांचं, पण डोव्हरला मोठं बंदर आहे, जहाजांची वर्दळ आहे. मोकळा कडा हवा असला की कॅमेरे ससेक्सकडे वळतात. डोव्हरची भूमिका सेव्हन सिस्टर्सनी बऱ्याचदा केली आहे.

चालायला सुरुवात करण्याची सोयीची जागा म्हणजे एक्सीट. ब्रायटन ते ईस्टबोर्न धावणारी बस इथं थांबते. आज इथं राष्ट्रीय उद्यानाचं केंद्र आणि दोन-चार इमारती आहेत. मध्ययुगात गाव होतं, चर्च होतं. प्लेगची साथ आणि फ्रेंचांचे हल्ले यांनी गाव उठलं आणि पंधराव्या शतकापर्यंत जवळजवळ ओस पडलं. रस्ता ओलांडला की ककमियरचं खोरं समोर उघडतं. सपाट हिरवं कुरण, चरणाऱ्या गाई-मेंढ्या, आणि मधून ऐसपैस वळणं घेत गेलेलं पाणी. पुढचं वळण मागच्या वळणाला जवळपास चिकटतं, इतकी ती नागमोडी चाल.

मात्र त्या वळणांत आता नदी वाहत नाही. पुराचा त्रास कमी व्हावा म्हणून १८४६च्या सुमारास समुद्रापर्यंत सरळसोट कालवा खणला गेला आणि नदी त्यातून वाहू लागली. मागे राहिली ती तिची टाकलेली कात. भूगोलाच्या पुस्तकात ‘नदीची वळणं’ म्हणून छापायला याहून देखणा नमुना मिळणार नाही, आणि नमुना म्हणून ठेवलेल्या वस्तूसारखाच तो निश्चल आहे. बगळे आणि पाणकावळ्यांची त्याबद्दल काही तक्रार दिसत नाही.

ककमियरच्या मुखाशी बंदर नाही, शहर नाही. ससेक्समधल्या नद्यांत हे एकच मुख बांधकामाविना राहिलं. अठराव्या शतकात चोरटी दारू उतरवायला अशी निर्मनुष्य जागा सोन्यासारखी होती. दुसऱ्या महायुद्धात तिचा वेगळाच उपयोग झाला: जवळच्या न्यूहेवन बंदराचा भास व्हावा म्हणून रात्री या खोऱ्यात दिवे लावत, म्हणजे जर्मन विमानांचे बॉम्ब रिकाम्या कुरणात पडावेत. त्या काळातले काँक्रीटचे बुरूज अजून गवतात बसलेले आहेत.

खोरं संपतं तिथं हेवन ब्राउची चढण लागते. उंची ७७ मीटर. सह्याद्रीत वाढलेला माणूस हा आकडा ऐकून हसेल, आणि पहिल्या टेपावर हसणं योग्यही ठरेल. गोम अशी की चढून झालं की लगेच तेवढंच उतरायचं, पुन्हा चढायचं, आणि हे सात-आठ वेळा. चौथ्या चढणीला मांड्या बोलू लागतात. वरून वाऱ्याला कसलाही अडसर नाही. झाड तर औषधालाही नाही.

हे चढउतार आले कुठून? प्रत्येक उतार म्हणजे एका खोऱ्याचा कापलेला तुकडा आहे. पण त्या खोऱ्यांत नदी नाही, ओढा नाही, पावसात वाहणारा पऱ्हासुद्धा नाही. खडूचा दगड पाणी स्पंजासारखं पितो, त्यामुळे वर काही वाहतच नाही. हिमयुगात मात्र जमीन गोठून घट्ट झाली होती. पाणी मुरायला वाव नव्हता. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी वरूनच धावलं आणि त्यानं या घळी कोरल्या. थंडी सरली, जमीन सुटली, पाणी खाली गेलं आणि खोरी कोरडी पडली. नंतर समुद्र आत सरकत आला आणि त्यानं सगळं आडवं कापलं. बहिणी म्हणजे त्या कापाची वरची कड.

बर्लिंग गॅपला लोखंडी जिना उतरून खाली किनाऱ्यावर जाता येतं. वाळू फारशी नाही, गोटेच गोटे. त्यांतला एक पांढरा तुकडा उचलावा. समुद्रानं घासून तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत केलेला असतो, हाताला हलका लागतो आणि बोटांवर पीठ सोडतो. काळ्या गोट्यावर ओढला तर रेघ उमटते. शाळेतला खडू आता बहुतेक जिप्समचा असतो, हा अस्सल. एकपेशीय समुद्री शेवाळांची सूक्ष्म चुनखडी कवचं तळाशी साचत गेली, हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर, आणि त्यातून हा दगड झाला. वय सुमारे आठ-नऊ कोटी वर्षं. म्हणजे दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळू लागला तेव्हा हा खडू आधीच जुना झाला होता.

कड्याकडे तोंड करून पाहिलं तर पांढऱ्या भिंतीत काळ्या आडव्या रेघा दिसतात, ठराविक अंतरानं, वहीवर आखल्यासारख्या. आपल्याला काळ्या फळ्यावर पांढरं पाहायची सवय, इथं उलटं. त्या रेघा गारगोटीच्या. खडू विरघळून, झिजून जातो, गारगोटी उरते, म्हणून किनाऱ्यावर इतके गोटे. आसपासच्या गावांतल्या भिंती आणि चर्चेसही याच गारगोटीची आहेत, कारण खडू घर बांधायला फार मऊ.

मऊ, म्हणूनच पांढरा. हे इथं समजून घेण्यासारखं आहे. लाटा कड्याचा पाया पोखरतात, पावसाचं पाणी भेगांत शिरतं, हिवाळ्यात गोठून भेगा रुंद करतं आणि एक दिवस उभाच्या उभा पापुद्रा खाली येतो. मग काही दिवस समुद्र दुधाळ दिसतो आणि कड्याला नवा कोरा चेहरा मिळतो. पायथ्याशी भिंत घालून कडा वाचवला, तर काही वर्षांत त्यावर गवत-झुडपं माजतील आणि तो हिरवट-करडा होईल. शुभ्र राहायचं तर कोसळत राहिलं पाहिजे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार गेल्या दीडशे वर्षांत इथला कडा वर्षाला २२ ते ३२ सेंटिमीटर मागे सरकला. त्याआधीची हजारो वर्षं हाच वेग २ ते ६ सेंटिमीटर होता. पायाशी साठणारा गोट्यांचा बांध पातळ झाला की लाटांचा मार थेट भिंतीवर बसतो.

बर्लिंग गॅपला हे आकडे घरांच्या हिशेबात कळतात. एकोणिसाव्या शतकात इथं तटरक्षकांच्या घरांची एक चाळ बांधली होती. कडा जवळ येत गेला तसतशी टोकाची घरं एकेक करून पाडावी लागली. जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि समुद्राला अडवायचं नाही, हे त्यांचं धोरण. रहिवाशांना ते सहज पटलं असेल असं नाही.

एक इमारत मात्र समुद्रापासून पळून गेली. बर्लिंग गॅपच्या पुढच्या टेकडीवरचं बेल टूट दीपगृह १८३२चं. त्याची जागा ठरवताना मोठी हुशारी केली होती: जहाज खडकांच्या फार जवळ आलं तर कड्याची कड आडवी येऊन दिवा दिसेनासा व्हावा, म्हणजे खलाशानं समजावं. कड झिजत गेली आणि युक्ती फसली. शिवाय धुकं आलं की दिवाच झाकला जाई. १९०२ साली खाली समुद्रातच नवं दीपगृह उभं राहिलं, ४३ मीटर उंच. त्याचा कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट कड्यावरून तारेच्या पाळण्यानं खाली सोडला होता. जुनं बेल टूट पुढे राहतं घर झालं, आणि १९९९च्या मार्चमध्ये कडा दाराशी आल्यावर ८५० टनांची ती अख्खी इमारत जॅकनं उचलून काँक्रीटच्या तुळयांवरून १७ मीटर मागे सरकवली. आता तिथं पाहुणे उतरतात. खालच्या दीपगृहाच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा रंग उडाला, तेव्हा तो पुन्हा देण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली.

या खालच्या दीपगृहाच्या वर उभा आहे तो बीची हेड. नावात ‘बीच’ ऐकू येतं, पण मूळ शब्द फ्रेंच, अर्थ ‘देखणं टोक’. १६२ मीटर, ब्रिटनमधला खडूचा सर्वांत उंच सागरी कडा. फ्रेडरिक एंगल्सला शेजारच्या ईस्टबोर्नची हवा आवडायची. १८९५ साली तो गेला, तेव्हा कार्ल मार्क्सची मुलगी एलिनॉर आणि मोजक्या सोबत्यांनी नावेतून जाऊन या कड्यासमोरच्या समुद्रात त्याची रक्षा सोडली. स्मारक नाही, थडगं नाही.

एक्सीटहून ईस्टबोर्नपर्यंतची ही चाल बारा-तेरा किलोमीटरची. विंचेस्टरपासून येणाऱ्या १६० किलोमीटरच्या ‘साउथ डाउन्स वे’ या वाटेचा हा शेवटचा तुकडा. तो मोकळा राहिला हा योगायोग नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास थोड्या अंतरावर पीसहेवन नावाची वसाहत कड्यांवर प्लॉट पाडून उभी राहिली होती. तशीच पाळी सेव्हन सिस्टर्सवर येणार असं दिसताच, १९२६ साली ससेक्सच्या डोंगरप्रेमींनी पैसे जमवून जमीन वाचवली. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा त्यानंतर बऱ्याच काळानं, २०१०मध्ये मिळाला.

कड्याच्या टोकाशी जाऊन सेल्फी घेणाऱ्यांना सगळे फलक ‘मागे राहा’ असं ओरडून सांगतात, पण कड खालून पोकळ असते हे वरून कळत नाही. निदान पाच मीटर दूर राहावं. खालून चालणाऱ्यांनी भरतीचं वेळापत्रक बघावं. ककमियर ते बर्लिंग गॅप यांच्यामध्ये वर यायला वाट नाही.

वाऱ्याचा कंटाळा आला तर ककमियरच्या काठानं आत वळावं. लिटलिंग्टनजवळच्या टेकडीवर गवत सोलून काढलेला पांढरा घोडा आहे, १९२४चा. पुढे ॲल्फ्रिस्टन गाव. तिथलं चौदाव्या शतकातलं गवती छपराचं पाद्र्याचं घर नॅशनल ट्रस्टनं १८९६ साली घेतलं. ट्रस्टची ही पहिली इमारत, किंमत १० पौंड.

याच डाउन्सवर, म्हणजे खडूच्या टेकड्यांच्या रांगेवर, पश्चिमेला ब्रायटनजवळच्या पॅचम गावावर, एक जागा भारतीय वाचकाला थांबवते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनच्या राजवाड्यात, रॉयल पॅव्हेलियनमध्ये, इस्पितळ उघडलं होतं. तिथं दगावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना या माळावर आणून अग्नी देत; रक्षा समुद्रात जाई. मुस्लिम सैनिकांचं दफन वोकिंगच्या मशिदीजवळ होई. १ फेब्रुवारी १९२१ रोजी दहनाच्या जागी संगमरवरी छत्रीचं अनावरण झालं. आराखडा हेन्रिकेस या भारतीय वास्तुशिल्पकाराचा. दुसऱ्या महायुद्धात माळ लष्कराकडे गेला आणि छत्रीला गोळ्या लागल्या. युद्धानंतर दुरुस्ती झाली. २०१०मध्ये शेजारी ५३ नावांची शिळा बसवली. छत्रीपर्यंत मोटार जात नाही. कुरणातून पायवाटेनं जावं लागतं, मेंढ्या बाजूला होईपर्यंत थोडं थांबावं लागतं, आणि चौथऱ्यापुढे ग्रॅनाइटच्या तीन लाद्या दिसतात. चिता रचायच्या त्या लाद्यांखालच्या जागेवर.